लाल रेघेचा इतिहास



आशाताईंच्या पिशवीतली मलेरियाची पट्टी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली आहे. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब टाकायचा, बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधाचे थेंब सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ही पट्टी आली कुठून, ते आज आपण बघू.

मलेरियाचा जंतू पहिल्यांदा दिसला १८८० साली, अल्जेरियात. लाव्हेरां नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी तो रुग्णाच्या रक्तात पाहिला. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. पुढं जवळजवळ शंभर वर्षं निदानाची रीत एकच होती, रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. ती रीत चांगलीच आहे, आजही ती खात्रीची मानतात. पण यंत्र हवं आणि बघणारा शिकलेला माणूस हवा. दूरच्या पाड्यावरून काचपट्टी निघायची ती कधी पोचायची आणि निकाल कधी परत यायचा! तोवर तापाच्या रुग्णाला अंदाजानं क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या, असा सरकारी शिरस्ताच होता.

आता गोष्ट वळते ती बायकांकडं. दिवस गेलेत का हे कळण्यासाठी पूर्वी लघवीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागे, आणि उत्तर आधी डॉक्टरांना कळे. १९६७ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका औषध कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची तरुणी कामाला होती. तिचं काम खोकी आणि वेष्टनं आखायचं. प्रयोगशाळेत ओळीनं मांडलेल्या नळ्या आणि खाली आरसे बघून तिला वाटलं, हे तर बाईला घरीच करता येईल. टाचण्यांच्या डबीसारख्या प्लास्टिकच्या डबीतून तिनं नमुना तयार केला. साहेब लोकांना ते रुचलं नाही, डॉक्टरांचं गिऱ्हाईक जाईल म्हणून. तरी १९७१ साली ती चाचणी कॅनडात विक्रीला आली. पेटंट क्रेनबाईंच्या नावावर, पण हक्क कंपनीला दिले एका डॉलरला. तो डॉलरही हातात पडला नाही, असं त्या पुढं सांगत. बाईच्या कामाचं मोल तिकडंही असंच, असं आम्हाला वाटून गेलं.

त्या डबीत नळी होती, थेंब मोजायचे होते, दोन तास हलवायचं नव्हतं. पट्टी व्हायला आणखी एक शोध लागला. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन या दोघांनी हवी तीच प्रतिद्रव्यं, सगळी एकसारखी, हवी तेवढी तयार करण्याची युक्ती काढली. प्रतिद्रव्य म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली समजा. १९८८ च्या सुमारास गर्भनिदानाची एका पायरीची पट्टी बाजारात आली. टिपकागद शाई ओढतो तसा तिचा कागद ओल पुढं ओढतो.

हीच युक्ती १९९० नंतर मलेरियाला लावली गेली. फाल्सिपेरम जातीचा जंतू, डोक्यात जाणारा म्हणतात तो, रक्तात एक प्रथिन सोडतो. पट्टीतली प्रतिद्रव्यं त्याला धरतात. त्यांना रंगाचे बारीक कण चिकटवलेले असतात, पुष्कळ पट्ट्यांत ते चक्क सोन्याचे. इतक्या बारीक कणांत सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. म्हणजे ती लाल रेघ सोन्याची असते, मैत्रिणींनो!

दुसरी रेघ असते ती पट्टी ठीक आहे हे सांगणारी. तीच उमटली नाही तर पट्टी वाया गेली, नवी घ्यायची. शिवाय जंतू मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं. म्हणून औषध पुरं झाल्यावर पट्टीवर रेघ आली म्हणून घाबरायचं नाही, अशा वेळी काचपट्टीच करायची. आणि पट्टी कोरी आली पण ताप हटत नाही, तरीही दवाखाना गाठायचाच.

झटपट उत्तर नेहमी खरं असतंच असं नाही. क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या चाचण्या आपल्या देशात खाजगीत खूप चालल्या. पण क्षयाचा जंतू अंगात नसतानाही त्या 'आहे' म्हणत, असतानाही 'नाही' म्हणत. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ साली भारत सरकारनं त्यांवर बंदी घातली. आमच्या गटांच्या जुन्या वह्यांत 'रक्त तपासणीसाठी' म्हणून उचललेली कर्जं दिसतात. कोणत्या आजाराची तपासणी, हे वहीत लिहिलेलं नसतं.

क्षयाची खरी तपासणी आज बेडक्याची होते. त्यासाठीचं ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं आणि साधारण तासाभरात क्षय आहे की नाही ते सांगतं. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. फक्त डबीत थुंकी नको. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो. चारचौघांत खाकरायला सुनांना संकोच वाटतो, तर डबी आदल्या दिवशीच घरी आणून ठेवावी.