पन्नाशी न गाठलेल्या गाड्या

जुन्या मोटारी म्हटले की आम्हांला संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आठवतात. साध्या गाड्यांचा इतिहास मात्र आम्ही क्वचितच विचारतो. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आज ज्या महिंद्रांचे ट्रॅक्टर बनतात, त्यांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभिली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गियर, आणि आत अख्खे कुटुंब, प्रसंगी शेजारीही!

अशी गाडी सांभाळणे हे चिकाटीचे व्रत आहे. सुटे भाग भंगारबाजारात धुंडाळावे, न मिळाल्यास लेथवर घडवून घ्यावे. उभ्या गाडीतील पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटर चिकटतो, रबरी सील सुकतात. म्हणून ती चालवावीच लागते. जुन्या गाड्यांच्या फेऱ्यांचे खरे प्रयोजन हेच असावे, मिरवणे नव्हे. परक्याची बंद पडलेली गाडी ढकलणारा, तिच्या बॉनेटखाली डोके घालणारा स्वयंसेवक आम्हांस विजेत्याहून मोठा वाटतो.

२०२१च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपातील गाडीस ‘व्हिंटेज’ मानले व तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे दिली. नित्य वापर मात्र वर्ज्य. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये हटली. १९८५ साली नोंदलेली पद्मिनी २०३५पूर्वी या मानास पात्र होणार नाही. तोवर दर पाच वर्षांनी तिची तपासणी व नूतनीकरण, आणि भंगारात काढल्यास मिळणाऱ्या सवलतींचा मोह.