दिनविशेष : २८ जानेवारी
१८८८ : गणितज्ञ लुई मॉर्डेल यांचा अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जन्म. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली गणिताची पुस्तके वाचून वेड लागलेला हा मुलगा थेट केंब्रिजला पोहोचला आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पहिला आला!

कोणत्या पूर्णांकाच्या घनात १७ मिळवले की पूर्ण वर्ग मिळतो? हा त्यांचा आवडता प्रश्न. २ घेतला तर ८ अधिक १७, म्हणजे २५, जमले. असल्या समीकरणाचा आलेख म्हणजे ‘एलिप्टिक कर्व्ह’. नाव फसवे आहे, तो काही लंबवर्तुळ नव्हे. या वक्रावरच्या बिंदूत पहिली संख्या म्हणजे घन करायची संख्या, दुसरी म्हणजे मिळालेल्या वर्गाचे मूळ. त्यावरचे (-२, ३) आणि (-१, ४) हे बिंदू रेषेने जोडा; ती वक्राला पुन्हा (४, ९) वर छेदते. ६४ अधिक १७, ८१. एक उत्तर फुकटात! पण (-२, ३) आणि (२, ५) जोडले, तर तिसरा बिंदू अपूर्णांकात जातो. अपूर्णांकी उत्तरे कितीही असली, तरी मूठभर बिंदूंपासून ती सगळी अशीच मिळवता येतात, हे मॉर्डेल यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले. पूर्णांकी उत्तरे मात्र मोजकीच. १७ च्या बाबतीत सर्वांत मोठी संख्या ५२३४; तिच्या घनात १७ मिळवले की ३,७८,६६१ चा वर्ग येतो.

रामानुजन यांच्या टाऊ फलनाविषयीचे एक अनुमानही मॉर्डेल यांनीच १९१७ मध्ये सिद्ध केले. याहून गुंतागुंतीच्या वक्रांवर अपूर्णांकी उत्तरेही मोजकीच असतात, हे त्यांचे स्वतःचे गाजलेले अनुमान जर्मनीच्या गेर्ड फाल्टिंग्स यांनी १९८३ मध्ये सोडवले. ते पाहायला मॉर्डेल नव्हते. १२ मार्च १९७२ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले होते.