मुळ्ळिवाय्क्काल : युद्धाचे हौशी चित्रण आणि चेन्नई

श्रीलंकेतील यादवीच्या (१९८३–२००९) अखेरच्या महिन्यांत सैनिकांनी आणि सामान्य माणसांनी केलेले चित्रण. सरकारने स्वतंत्र पत्रकारांना रणभूमीकडे फिरकू दिले नाही. त्यामुळे मे २००९ मध्ये मुळ्ळिवाय्क्कालच्या किनाऱ्यावर संपलेल्या या संहाराचा दृश्य पुरावा बहुतांशी अशाच हातांनी जमवला.

वेढ्यात अडकलेल्या तमिळ नागरिकांनी खंदक, तोफमारा आणि तात्पुरत्या इस्पितळांतले जखमी टिपले. सैनिकांनी मोबाइलवर घेतलेल्या फिती विजयाची खूण म्हणून जपलेल्या होत्या. त्यांत हात बांधलेल्या, विवस्त्र कैद्यांना गोळ्या घातलेल्या दिसतात. मारणाऱ्यांच्याच बाजूने हा पुरावा आला, ही यातली सर्वांत भयंकर गोष्ट.

ब्रिटनच्या 'चॅनल फोर'ने अशी एक फीत ऑगस्ट २००९ मध्ये दाखवली, तेव्हा श्रीलंकेने ती बनावट म्हटली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी तीन तज्ज्ञांकडून ती तपासून घेतली. बंदुकीचा झटका आणि नळीतून निघणारा वायू खऱ्या काडतुसांशी जुळत होता. जानेवारी २०१० मध्ये ऑल्स्टन यांनी फीत अस्सल असल्याचे मत दिले. तिच्यात नोंदलेल्या तारखेसारखे न सुटलेले प्रश्नही त्यांनी उघड मांडले, म्हणून या तपासणीचे वजन अधिक.

चेन्नईत युद्धकाळातही संताप होता. २७ एप्रिल २००९ रोजी तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी मरीना किनाऱ्यावर उपोषणाला बसले होते. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये लष्कराशी लढणाऱ्या 'एलटीटीई' या तमिळ बंडखोर संघटनेचे नेते प्रभाकरन यांच्या बारा वर्षांच्या बालचंद्रन या मुलाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि शहर हलले. एकात तो बंकरमध्ये बसून काही खातो आहे. दुसऱ्यात त्याच्या छातीत गोळ्या आहेत. तो ताब्यात असताना मारला गेल्याचा आरोप लष्कराने फेटाळला. ८ मार्चला लॉयोला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी उपोषण सुरू केले. पोलिसांनी त्यांना उठवल्यावर आंदोलन राज्यभर पसरले आणि महाविद्यालये बंद ठेवावी लागली. १९ मार्चला करुणानिधींच्या द्रमुक पक्षाने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. दोनच दिवसांनी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने मत दिले. याच असंतोषामुळे त्या वर्षी आयपीएलच्या चेन्नईतील सामन्यांत श्रीलंकेचे खेळाडू उतरले नाहीत.

हे चित्रण एकत्र गुंफणारा कॅलम मॅक्रे यांचा 'नो फायर झोन' हा माहितीपट मात्र चेन्नईच्या चित्रगृहांत पोहोचला नाही. श्रीलंकेशी असलेले मैत्रीसंबंध बिघडतील, असे कारण देत केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने २०१४ मध्ये त्याला प्रमाणपत्र नाकारले. मॅक्रे यांनी तो भारतातील प्रेक्षकांसाठी इंटरनेटवर मोफत खुला केला.