रोज तोच रस्ता, तोच वेग : धावण्याच्या आठवड्याचा इतिहास

गेल्या डिसेंबरात एक बँक अधिकारी थोडे लंगडतच दवाखान्यात आले. वय ४३. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एका ठरावीक जागी दुखत होतं. आधी धावताना दुखायचं, मग धावून झाल्यावर, आणि आता रात्री कूस बदलतानाही. "डॉक्टर, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे. तोपर्यंत निभावेल अशी काहीतरी गोळी द्या," एवढीच त्यांची मागणी होती.

मी त्यांचा फोन मागितला. हल्ली प्रत्येक धावणाऱ्याच्या फोनमध्ये त्याचा सगळा हिशोब असतो. सोमवार ते शनिवार रोज ८ किलोमीटर, घरापासून चौकापर्यंत आणि परत, सिमेंटच्या त्याच रस्त्यावर, रोज जवळपास त्याच वेगाने. रविवारी २० किलोमीटर, आणि तेही शक्यतो त्याच वेगाने. चार महिने एकही खाडा नाही. "शिस्त सोडली नाही मी," ते म्हणाले.

एक्स-रे स्वच्छ होता. या दुखण्यात सुरुवातीला तो बऱ्याचदा तसाच असतो. एमआरआयमध्ये मात्र नडगीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर दिसलं. अपघात नाही, पडणं नाही. एकाच जागी, एकाच प्रकारे, हजारो वेळा पडलेल्या भाराने हाडाला गेलेली ती बारीक चीर होती.

तुमच्यापैकी अनेक जण असेच धावता, म्हणून हे लिहितो आहे. आठवड्यात एक दिवस लांब, एक दिवस चढाचा, एक दिवस वेगाचा आणि बाकीचे दिवस अगदी सावकाश असं वेळापत्रक तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं. पण ते कोणी आणि का बसवलं हे ठाऊक नसल्यामुळे सावकाश दिवस म्हणजे आळस वाटतो. ते बसवलं नोकरी-धंदा सांभाळून धावणाऱ्या हौशी माणसांनी.

सुरुवात स्वीडनपासून करू. १९२० च्या दशकात लांब पल्ल्याच्या धावण्यात फिनलंडच्या पावो नुर्मी आणि त्याच्या देशबांधवांचं राज्य होतं आणि शेजारचे स्वीडिश सतत हरत होते. गोस्टा होल्मेर हा स्वीडिश प्रशिक्षक, स्वतः १९१२ च्या ऑलिंपिकमधला डेकॅथलॉनचा पदकविजेता, त्याने १९३० च्या दशकात खेळाडूंना ट्रॅकवरून उचललं आणि जंगलातल्या पायवाटांवर सोडलं. थोडा वेळ आरामात, मग पुढच्या झाडापर्यंत जोरात, मग चालत, मग चढ दिसला की त्यावर झेप. घड्याळ नाही, ठरलेलं अंतर नाही. या पद्धतीला 'फार्टलेक' म्हणतात. स्वीडिशमध्ये 'फार्ट' म्हणजे वेग आणि 'लेक' म्हणजे खेळ. (इंग्रजी शाळेतली मुलं या शब्दाला हसतात, त्याला इलाज नाही.)

या जंगली पद्धतीतून गुंडेर हेग आणि आर्ने अँडरसन हे दोन धावपटू पुढे आले. हेग पुढे अग्निशमन दलात नोकरीला होता, अँडरसन शाळामास्तर. १९४२ च्या एका उन्हाळ्यात हेगने वेगवेगळ्या अंतरांचे मिळून १० जागतिक विक्रम केले. एक मैलाचा विक्रम या दोघांनी आलटून पालटून खाली आणला, आणि १९४५ मध्ये हेगने तो ४ मिनिटे १.४ सेकंदांवर ठेवला. पुढच्याच वर्षी शर्यतींसाठी पैसे घेतल्याच्या कारणावरून दोघांवर बंदी आली. हौशीपणाचा नियम तेव्हा इतका कडक होता.

हेगचा तो विक्रम नऊ वर्षं टिकला. तो मोडणारा माझ्याच व्यवसायातला, म्हणून त्याच्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी. रॉजर बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता. सरावाला वेळ मिळायचा तो जेवणाच्या सुट्टीत. जवळच्या मैदानावर जाऊन तो ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या जोरात मारायचा, मधे थोडी विश्रांती. १९५४ च्या वसंतात या फेऱ्या सरासरी ६१ सेकंदांवर अडकल्या. कितीही जोर लावला तरी खाली येईनात. तेव्हा बॅनिस्टर आणि त्याचा मित्र ख्रिस ब्रॅशर सराव सोडून स्कॉटलंडला गेले आणि काही दिवस डोंगर चढत बसले. परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये बॅनिस्टर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैलभर धावला. पुढे तो नामवंत न्यूरॉलॉजिस्ट झाला.

आता ज्या माणसाचा आठवडा आज तुमच्या फोनमधल्या वेळापत्रकात शिरला आहे, त्याच्याकडे येऊ. आर्थर लिडियार्ड, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, जन्म १९१७. बूट बनवण्याच्या कारखान्यात कामाला, आणि घरखर्च भागवायला काही काळ पहाटे दूध पोचवण्याचं कामही. तरुणपणी रग्बी खेळलेला, त्यामुळे आपण तंदुरुस्त आहोत अशी त्याची पक्की समजूत होती. क्लबातल्या जॅक डोलन नावाच्या, त्याच्याहून वयाने मोठ्या गृहस्थाने त्याला एकदा पाच मैल सोबत धावायला नेलं. लिडियार्डची दमछाक झाली. सत्ताविशीच्या आसपास ही गत, तर सत्तेचाळिशीत काय होईल, या विचाराने तो हादरला.

शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून त्याने स्वतःवरच प्रयोग केले. कित्येक वर्षं. कधी आठवड्याला अगदी थोडं अंतर, कधी अचाट. कधी रोज जोरात, कधी रोज हळू. कशाने पाय भरून येतात, कशाने सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, कशाने महिन्याभराने ताकद वाढलेली जाणवते, हे तो स्वतःच्या अंगावर बघत गेला. १९५३ आणि १९५५ मध्ये तो न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला. शेवटी तो आठवड्याला सुमारे १०० मैलांवर, म्हणजे १६० किलोमीटरवर स्थिरावला. (हा आकडा वाचून उद्या सुरुवात करू नका. मुद्दा आकड्याचा नाही.)

मुद्दा त्या १०० मैलांच्या वाटणीचा आहे. सात दिवसांचे सात सारखे तुकडे त्याने केले नाहीत. एक दिवस १० मैल, दुसऱ्या दिवशी १५, मग पुन्हा कमी. रस्ताही बदलता, कधी सपाट, कधी उंचसखल. रविवारी मात्र ठरलेला मोठा फेरा, वायटाकेरेच्या डोंगररांगेतून जाणारा २२ मैलांचा, म्हणजे ३५ किलोमीटरचा. हा सगळा पाया सोबत्याशी गप्पा मारता येतील अशा बेताने घालायचा. सराव असावा पण शरीराची ओढाताण नसावी, हे त्याचं पालुपद. पायाचे असे काही आठवडे झाले की मगच टेकडीवर उड्या घेत चढण्याचे आठवडे, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅकवरचा वेग. वेग त्याने कधीच टाळला नाही, फक्त त्याची पाळी उशिरा ठेवली.

आसपासची मुलं त्याच्याबरोबर धावू लागली. पीटर स्नेल नावाचा मुलगा ८०० मीटर, म्हणजे पावणेदोन मिनिटांची शर्यत धावणारा. त्यालाही लिडियार्डने रविवारी ३५ किलोमीटरच्या डोंगरफेऱ्याला नेलं. जाणकारांना हा वेडेपणा वाटला. २ सप्टेंबर १९६० ला रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं, आणि तासाभराच्या आतच लिडियार्डचा दुसरा शिष्य मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं. हॅलबर्गचा डावा हात रग्बीतल्या दुखापतीने जवळजवळ निकामी झालेला होता. त्याच ऑलिंपिकमध्ये तिसरा शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला.

पण डॉक्टर म्हणून मला लिडियार्ड महत्त्वाचा वाटतो तो नंतरच्या गोष्टीसाठी, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्या व्यवसायाची जुनी भीती सांगायला हवी.

१८९९ मध्ये स्वीडनच्या हेन्शेन या डॉक्टरांनी बर्फावरच्या स्की शर्यतींतल्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी ठोकून हृदयाचा आकार तपासला आणि तो मोठा असल्याचं नोंदवलं. त्यांनी स्वतः याला शरीराची चांगली जुळवणूक मानलं होतं. पण पुढच्या कितीतरी डॉक्टरांच्या मनात मोठं हृदय म्हणजे आजारी हृदय हेच बसलं. हार्ट अटॅकनंतर तर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर. १९५२ मध्ये अमेरिकेत लेव्हाइन आणि लाऊन यांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवायचं सुचवलं, तेव्हा तेसुद्धा धाडस समजलं गेलं. त्यानंतर वर्षभरातच लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दाखवलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. तरी सवय सुटायला वेळ लागला. माझ्या आजोबांना अटॅक आला तो १९७० च्या दशकात. सहा आठवडे त्यांना पलंगावरून पाय खाली टेकू दिला नव्हता. उठले तेव्हा मांड्या काडीसारख्या झाल्या होत्या, आणि ते पुन्हा कधी देवळापर्यंतही चालत गेले नाहीत.

अशा काळात, १९६० च्या सुरुवातीला, ऑकलंडमध्ये पोट सुटलेली, मध्यमवयीन व्यापारी मंडळी लिडियार्डकडे आली. त्यांतल्या काहींना हृदयाचा त्रास होऊन गेलेला. त्याने त्यांना हळूहळू चालायला आणि मग अगदी मंद गतीने धावायला लावलं. बोलता येत नसेल तर वेग कमी करा, एवढाच नियम. १९६२ मध्ये तिथे जॉगर्स क्लब सुरू झाला. त्याच सुमारास अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून आले आणि मोठ्या ऐटीत या मंडळींबरोबर धावायला निघाले. जगातल्या उत्तम धावपटूंना घडवणारा हा पन्नाशीतला माणूस मागे पडला, आणि हृदयविकार होऊन गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाने त्याची सोबत केली. बॉवरमनने घरी परतून गावकऱ्यांसाठी वर्ग काढले आणि हृदयरोगतज्ज्ञ वॉल्डो हॅरिस यांच्यासोबत लिहिलेलं 'जॉगिंग' हे पुस्तक १९६७ मध्ये आलं. 'नायकी' ही बुटांची कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी एक हाच. (तुम्हाला हृदयविकार असेल, किंवा चढताना छातीत दडपण येत असेल, तर हे वाचून थेट बूट बांधू नका. आधी तपासणी.)

हे सगळं काम का करतं, याची उत्तरं नंतर मिळाली. १९६७ मध्ये सेंट लुईसच्या जॉन होलोझी यांनी उंदरांना पट्ट्यावर पळवून दाखवलं की सततच्या व्यायामाने स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्या, वाढतात. सावकाश धावण्याने या भट्ट्या वाढतात, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. जोरात धावल्यावर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरायला एक ते दोन दिवस लागतात. रोज मध्यम जोराने धावणारा माणूस सावकाश धावण्याइतकी विश्रांती घेत नाही आणि जोरात धावण्याइतका वेगही कमावत नाही. रोज थोडा थोडा दमलेलाच राहतो. गंमत म्हणजे, रविवारचा डोंगरफेरा ८०० मीटरच्या खेळाडूला का उपयोगी पडला, हे पुढे स्नेलनेच शोधायचा प्रयत्न केला. खेळ सोडल्यावर तो अमेरिकेत शिकून व्यायामशास्त्राचा संशोधक झाला होता. त्याचं म्हणणं असं, की लांब धावताना मंद गतीचे स्नायुतंतू थकतात आणि मग एरवी आरामात बसलेले जलद तंतूही कामाला जुंपले जातात.

आणि हाड. भार पडला की हाडातला जुना भाग आधी पोखरून काढला जातो आणि मग तिथे नवा भरला जातो. पोखरणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. तुमचे स्नायू आणि दम सहा-आठ आठवड्यांत सुधारतात, त्यामुळे तुम्हाला वाटतं की सगळं शरीर तयार झालं. हाड अजून डागडुजीतच असतं. रस्ता बदलला, चढ आला, वेग बदलला की भार हाडाच्या वेगळ्या भागावर जातो आणि कालच्या जागेला सवड मिळते. हौशी धावपटूचा बदलता आठवडा हाडांच्या दृष्टीने असा आहे.

आपल्याकडेही याची एक आठवण आहे. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुलं पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला संघ गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटे. आजही हौशी धावपटूंपैकी फार थोड्यांना ती जमते.

आता आपल्या बँक अधिकाऱ्यांकडे. वेदनाशामक गोळी मी दिली नाही. दुखणं दबलं असतं आणि ४२ किलोमीटरमध्ये ती चीर आरपार गेली असती. जानेवारीत ते धावले नाहीत, घरी टीव्हीवर शर्यत पाहिली, आणि आठवडाभर माझ्यावर नाराज होते असं त्यांच्या पत्नीने सांगितलं. पाय पूर्ण दुखायचा थांबेपर्यंत पोहणं, मग सायकल, मग सपाटीवर चालणं. धावणं मार्चच्या अखेरीस, तेही एक दिवसाआड.

मागच्या महिन्यात आले तेव्हा न मागता फोन पुढे केला. सोमवारी काहीच नाही. मंगळवारी वेताळ टेकडी, चढ चालत आणि उतारही चालत. बुधवारी ५ किलोमीटर, पूर्वीपेक्षा किलोमीटरमागे एक मिनिट हळू. गुरुवारी पोहणं. शनिवारी टेकडीच्या मातीच्या वाटेवर मनाला येईल तसं, मधेच जोरात. रविवारी १२ किलोमीटर, गप्पा मारत. पाय दुखत नाही. तक्रार एकच, की बुधवारी शेजारचे पासष्ट वर्षांचे काका त्यांना मागे टाकून जातात.

जाऊ द्यात, मी म्हणालो. ते हसले, पण पटलेलं काही दिसलं नाही.