फिरंग रोग : जुन्या शास्त्राने ओळखलेला नवा आजार

१/ सोळाव्या शतकात भावमिश्र नावाच्या वैद्याने ‘भावप्रकाश’ हा संस्कृत ग्रंथ रचला. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ज्याचे नावही सापडत नाही, अशा एका व्याधीचे वर्णन त्यात आहे : ‘फिरंग रोग’. आज आपण त्याला सिफिलिस म्हणून ओळखतो. हजार वर्षांहून जुन्या शास्त्राने या नव्या आजाराची दखल कशी घेतली, त्याचा हा इतिहास.

२/ ‘फिरंग’ हा शब्द ‘फ्रँक’ या नावावरून फारसीमार्गे भारतात आला. त्याचा अर्थ युरोपीय. मराठी कागदपत्रांत वसईकडच्या पोर्तुगीज मुलखाला ‘फिरंगाण’ म्हटलेले आढळते. युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीलाही ‘फिरंग’ हेच नाव पडले. रोगाचे नाव याच कुळातले.

३/ फ्रान्सचा राजा आठवा शार्ल याने १४९५ मध्ये नेपल्स घेतले. त्याच मोहिमेत या आजाराची मोठी साथ उसळली आणि परतणाऱ्या सैनिकांबरोबर ती युरोपभर पसरली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. जहाजांतून मालाबरोबर आजारही आला.

४/ जननेंद्रियांचे विकार आयुर्वेदाला अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘उपदंश’ या व्याधीचे पाच प्रकार दिले आहेत : वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि रक्तज. नखा-दातांच्या जखमा, अस्वच्छ पाणी, समागमानंतर न धुणे अशी कारणेही तेथे नोंदलेली आहेत.

५/ नव्या रोगाला उपदंशाचाच एक प्रकार ठरवणे भावमिश्राला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. उपदंशाहून वेगळे प्रकरण लिहून त्याने या रोगाला ‘आगंतुज’, म्हणजे बाहेरून आलेला, ठरवले. तो संसर्गाने जडतो; दोषांचा प्रकोप त्यानंतर होतो, असा त्याचा क्रम आहे.

६/ त्याने रोगाचे तीन प्रकार केले. ‘बाह्य’ प्रकारात फोडांसारखी लक्षणे दिसतात, वेदना कमी असते आणि तो सुखसाध्य असतो. ‘आभ्यंतर’ प्रकार सांध्यांत शिरतो, आमवातासारखी वेदना व सूज आणतो आणि कष्टसाध्य असतो. तिसऱ्या प्रकारात दोन्ही एकत्र येतात.

७/ उपद्रवांची यादी अधिक बोलकी आहे : कृशता, बलक्षय, नाक बसणे, अग्निमांद्य, हाडे झिजणे आणि वाकणे. सिफिलिस पुढच्या टप्प्यात नाकाचा आणि हाडांचा नाश करतो, हे आधुनिक वैद्यकालाही ठाऊक आहे. अशी यादी रुग्णांना प्रत्यक्ष पाहिल्यावाचून होत नाही.

८/ मुख्य औषध होते ‘रसकर्पूर’, म्हणजे पाऱ्याचा क्षार. कणकेच्या गोळीत तो भरावा, वर लवंगेची पूड लावावी, गोळी दातांना न लागू देता गिळावी आणि नंतर विडा खावा, असा विधी होता. पारा तोंडात व्रण आणतो, म्हणून ही दक्षता. त्याच काळात युरोपातील वैद्यही या रोगावर पाराच वापरत होते.

९/ दुसरे औषध चोपचिनी. चीनकडून येणाऱ्या या मुळीला ‘भावप्रकाशा’त ‘द्वीपांतर वचा’, म्हणजे परद्वीपातील वेखंड, म्हटले आहे. तिचे चूर्ण मधाबरोबर घ्यावे आणि मीठ वर्ज्य करावे, असे पथ्य होते. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानेही १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या मुळीवर स्वतंत्र संवाद लिहिला.

१०/ ही औषधे लागू पडत का? येथे या रोगाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. सिफिलिसचा पहिला व्रण आणि नंतरचे पुरळ उपचारांविनाही नाहीसे होतात. रोग मात्र शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो. त्यामुळे त्या वेळी चालू असलेल्या कोणत्याही औषधाला यश मिळाल्यासारखे दिसे. पाऱ्याची विषबाधा मात्र खरी होती.

११/ नावाने दोषही वाटला. फिरंगी लोकांच्या, विशेषतः फिरंगी स्त्रियांच्या, संगाने हा रोग जडतो, असे ‘भावप्रकाश’ सांगतो. इटलीत लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रान्समध्ये नेपल्सचा आणि रशियात पोलंडचा. रोग शेजाऱ्याच्या माथी मारण्याची खोड सार्वत्रिक होती.

१२/ जंतू सापडला १९०५ मध्ये. शाउडिन आणि हॉफमन यांनी तो शोधला. १९४३ मध्ये पेनिसिलिनने रोगी बरे होऊ लागले आणि आजही मुख्य औषध तेच आहे. पारा आता केवळ इतिहासाचा विषय आहे.

१३/ आजच्या मराठीत सिफिलिसला ‘उपदंश’ किंवा ‘गरमी’ म्हणतात. भावमिश्राने काळजीपूर्वक वेगळी केलेली दोन नावे पुन्हा एकत्र झाली. सारे काही प्राचीन ग्रंथांत आधीच लिहिलेले आहे, असा दावा अनेकदा ऐकू येतो. भावमिश्राने तो केला नाही. जे पूर्वसूरींनी पाहिले नव्हते, ते त्याने नव्या नावाने लिहिले आणि त्यासाठी समुद्रापलीकडची मुळीही शास्त्रात घेतली.