तळटीप : नॅनोकणांतून औषध

* मूळ मजकुरातली खारघरची संस्था म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’. पत्ता नवी मुंबईचा असला, तरी जागा रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यातली. संशोधन आणि उपचार तिथे एकाच आवारात चालतात. अलिबाग-पेणकडच्या रुग्णाला परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतचा हेलपाटा वाचतो, हे थोडे नव्हे.

त्याच मजकुरातल्या, औषध वाहून नेणाऱ्या नॅनोकणांचे सर्वांत रुळलेले उदाहरण म्हणजे लायपोसोममधले डॉक्सोरुबिसिन. कर्करोगावरचे हे लाल औषध मेदाच्या सुमारे १०० नॅनोमीटरच्या पिशवीत बंद असते. अमेरिकेत त्याला १९९५ साली मंजुरी मिळाली. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, सच्छिद्र असतात. त्यांतून पिशव्या आत झिरपतात. हृदयाच्या धडधाकट रक्तवाहिन्यांतून त्या सहजी बाहेर पडत नाहीत, म्हणून हृदयाची हानी कमी होते. तळहात-तळपाय मात्र लाल होऊन सोलवटू शकतात. रुग्णाला हे आधीच सांगायला हवे.

२०१२ साली अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तिकडे मागवले गेले.

नॅनोकणांतून दिले तरी बरेचसे औषध वाटेतच अडकते. नॅनोकणांच्या प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला गेला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. उरलेल्यातले पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. — संपादक