परत परत उगवणारी फाइल

शिफ्ट दाबून डिलीट करायचं, एफ-फाइव्ह मारायचं, आणि ती फाइल पुन्हा तिथेच हजर! २००५ ते २०१० च्या दरम्यान ज्याने पेनड्राइव्ह वापरला त्याला हे नव्याने सांगायला नको. ऑटोरन.आयएनएफ, न्यू फोल्डर.ईएक्सई, रॅवमॉन.ईएक्सई... नावं वेगवेगळी, चिकाटी तीच. झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला की तो दोन-चार पाहुणे घेऊनच परत यायचा. मी तेव्हा शाळेत होतो, पण घरचा पीसी या पाहुण्यांना चांगला ओळखून होता. :-)

या पाहुण्यांचे पूर्वज बरेच जुने. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून त्याचं नाव घेतात. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, आणि कोणी तो सेक्टर वाचायला गेलं की मूळ, स्वच्छ प्रत समोर धरायचा. म्हणजे चोरी पहिल्या दिवसापासून, आणि लपवाछपवीही पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढता काढता 'क्विक हील' उभं केलं. दोन भाऊ तिकडे, दोन भाऊ इकडे. असो.

पेनड्राइव्हच्या रोगाचं मूळ मात्र चक्क एका सोयीत होतं. विंडोज ९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑटोरन आणलं. सीडी टाकली की तिच्यातली ऑटोरन.आयएनएफ ही छोटीशी टेक्स्ट फाइल वाचायची आणि तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम आपोआप चालवायचा. सीडी एकदा छापली की बदलता येत नाही, त्यामुळे भीती कमी. पुढे पेनड्राइव्ह आला आणि त्याच्यावर तर कोणीही लिहू शकतं. एक्सपीवर माय कॉम्प्युटरमध्ये जाऊन ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की ड्राइव्ह उघडायच्या आधी ऑटोरनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालायचा. संपलं!

आता ती फाइल परत का यायची? कारण आपण पुसत होतो ती फाइल, आणि ती लिहिणारा प्रोग्रॅम मेमरीत मजेत चालू होता. दर काही सेकंदांनी तो सगळे ड्राइव्ह बघायचा, फाइल नसेल तर पुन्हा लिहायचा. काही महाभागांचे दोन प्रोसेस असायचे, एकाला मारलं की दुसरा त्याला उठवायचा. फाइलींना 'हिडन' आणि 'सिस्टम' असे दोन्ही शिक्के. रजिस्ट्रीत असा फेरफार की फोल्डर ऑप्शन्समध्ये 'लपलेल्या फाइली दाखवा' केलं तरी सेटिंग आपोआप पूर्ववत. टास्क मॅनेजर बंद. घरात पाणी गळतंय आणि आपण फडक्याने फरशी पुसतोय, तसला प्रकार.

उपाय क्रमाने करावा लागायचा. आधी सेफ मोडमध्ये जाऊन लिहिणारा प्रोग्रॅम थांबवायचा, मग स्टार्टअपमधल्या त्याच्या नोंदी काढायच्या, मग सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली पुसायच्या. एक जरी ड्राइव्ह राहिला आणि त्यावर डबल क्लिक झालं की पहिले पाढे पंचावन्न. एक देशी जुगाड फार लोकप्रिय होता : पेनड्राइव्हवर ऑटोरन.आयएनएफ याच नावाचा फोल्डर करून ठेवायचा. एकाच जागी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर राहू शकत नाहीत, म्हणून बिचारा व्हायरस दारातच अडकायचा. (पुढचे व्हायरस हुशार निघाले, तो फोल्डरच उडवायला लागले.)

हे फक्त आपल्या झेरॉक्सवाल्याचं पाप होतं असं समजू नका. ऑक्टोबर २००६ मध्ये खुद्द अ‍ॅपलने जाहीर केलं की काही व्हिडिओ आयपॉड कारखान्यातूनच रॅवमॉनई.ईएक्सई घेऊन बाहेर पडलेत. नोव्हेंबर २००८ मध्ये कॉन्फिकर आला आणि त्याची पुढची आवृत्ती नेटवर्कसोबत पेनड्राइव्हवरूनही पसरली. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टावर अपडेट पाठवून पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. विंडोज ७ मध्ये ते आधीच बंद होतं. सोय देऊन ती काढून घ्यायला सोळा वर्षं लागली.

या सगळ्यातून एक साधी गोष्ट शिकायला मिळते : मशीनवर फाइल आहे, एवढ्यावरून ती कोणी ठेवली हे कळत नाही. मालकाने ठेवली असेल, किंवा मालकाच्या नकळत एखाद्या प्रोग्रॅमने. प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाबतीत हा फरक किरकोळ आहे. पण तो नेहमीच किरकोळ नसतो, आणि याचं उदाहरण माझ्या घरापासून फार लांब नाही.

मी तळोज्यात राहतो. तळोजा म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एमआयडीसी आणि जेल. (२०२३ च्या नोव्हेंबरपासून मेट्रो पण आहे हो!) याच तळोजा कारागृहात एल्गार परिषद प्रकरणातले बरेच आरोपी वर्षानुवर्षं होते. त्यातले एक रोना विल्सन. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी दिल्लीत त्यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यात सापडलेली पत्रं हा खटल्यातला मोठा पुरावा. बचाव पक्षाने त्या डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगला तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला. त्यांचं म्हणणं असं की जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून 'नेटवायर' हा दुरून ताबा घेणारा मालवेअर लॅपटॉपमध्ये शिरला, बावीस महिने राहिला, आणि ती पत्रं त्यानेच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली. ती पत्रं त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण नाही. शिवाय पीडीएफ बनले ते वर्डच्या नव्या आवृत्तीतून, आणि लॅपटॉपवर होती जुनी, २००७ ची.

एनआयएला हे मान्य नव्हतं. त्यांच्या म्हणण्यानुसार सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत मालवेअर आढळला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन यांना जामीन दिला, पण तो लांबलेल्या कोठडीमुळे आणि रखडलेल्या खटल्यामुळे. पत्रं खरी की पेरलेली, यावर तो निकाल नव्हता. सहा वर्षांहून जास्त काळ माणूस आत. याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी तर जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच, हॉस्पिटलमध्ये वारले. त्यांच्या कॉम्प्युटरबद्दलही आर्सेनलने २०२२ मध्ये तसाच अहवाल दिला.

कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरवणारा मी कोण? पण इंजिनिअर म्हणून एक सांगतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. चांगलंच आहे. पण जप्तीच्या वेळी काढलेला हॅश फक्त एवढंच सांगतो की डिस्क त्यानंतर बदलली नाही. त्याच्या आधी तिच्यावर कोणी काय लिहिलं, याबद्दल तो गप्प असतो. ते उत्तर लॉग, टाइमस्टॅम्प आणि मेमरीच्या अवशेषांत शोधावं लागतं, आणि त्यासाठी डिस्कची संपूर्ण प्रत आरोपीच्या वकिलांनाही वेळेत मिळावी लागते.

पेनड्राइव्हच्या काळात आपण हे सगळेजण करत होतो. फाइल दिसली की पहिला प्रश्न, "ही लिहितंय कोण?" कोर्टातही पहिला प्रश्न तोच असायला हवा.